गॉलचा शुक्रवार

ओंडक्यावर हातभर लांबीचा कुपा पडतो आणि रुंद पात्याचा सुरा त्याच्या मानेत उतरतो. विकणाऱ्याचं लक्ष माशाकडे नाही. समोरच्या बाईशी भावावरून घासाघीस चालली आहे आणि हात आपलं काम करतो आहे : डोकं बाजूला, शेपटी बाजूला, मग मणक्याच्या दोन्ही अंगांनी लालभडक मांसाचे तुकडे. सकाळचे साडेसहा वाजलेत. गॉलच्या समुद्ररस्त्यावरचा मासळीबाजार भरात आहे. फळ्यांवर सुरमई, कुपे, कोळंबी, बोटाएवढ्या मासळीचे ढीग. कावळे छपरावरून खाली, खालून छपरावर. मागे वाळूत फायबरच्या होड्या ओढून ठेवल्या आहेत आणि त्यांच्यात जुन्या घडणीची एक उलांडीची होडीही आहे. मालवण-देवगडकडचा माणूस ती पाहून थबकेल. होडीच्या एका अंगाला दोन वाशांनी जोडलेला तरता ओंडका लाटेत तिचा तोल सांभाळतो, आणि ही रचना हिंदी महासागराच्या दोन्ही काठांवर फार जुनी आहे.

घासाघीस करणाऱ्या बाईंनी मासा मिळवला आहे. त्या त्याचं 'अंबुल तियल' करणार आहेत. माशाचे चौकोनी तुकडे, मिरपूड, मीठ आणि गोरका. गोरका हे कोकमाच्याच कुळातलं फळ. ते वाळवून, वाटून त्याचा काळा लगदा तुकड्यांना चोळतात आणि मातीच्या भांड्यात पाणी आटेपर्यंत शिजवतात. आंबटपणामुळे मासा फ्रीजशिवाय दिवसेंदिवस टिकतो. श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्याची ही खास रीत. बाई मला हातवारे करून सांगतात की भांड्याच्या तळाशी केळीचं पान घालायला विसरू नकोस. मी मान डोलावते.

उभ्या जागी मान उजवीकडे वळवली की खाडीपलीकडे काळपट दगडी तट दिसतो. गॉलचं नाव घेतलं की जगाला तोच आठवतो. कोलंबोपासून सुमारे ११५ किलोमीटर दक्षिणेला, बेटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, लाखभर वस्तीचं हे शहर. पाहुणे रेल्वेतून उतरतात ते रिक्षा करून थेट किल्ल्यात शिरतात, दोन रात्री राहतात आणि गॉल पाहिलं म्हणून परत जातात. मी मात्र सकाळ बाहेरच काढायची ठरवली आहे. शहर ज्या हातांनी जगतं ते हात या तटाबाहेर आहेत, असं मला मनापासून वाटतं.

मेन स्ट्रीटवर दुकानांच्या फळ्या उघडताहेत. साड्या, प्लॅस्टिकच्या बादल्या, मोबाइलची कव्हरं, सोन्याची दुकानं. कालव्याजवळ खांबांवर कौलारू छप्पर पेललेला डच मार्केट नावाचा जुना भाजीबाजार आहे. आत शेवग्याच्या शेंगा, कच्चे फणस, हिरवी केळी, कमळाचे देठ आणि मसाल्याच्या पुड्या. एका पुडीत दालचिनी आहे. आपल्याकडे किराणा दुकानात बहुतेक वेळा जाड सालीची, कडक, लाकडासारखी दालचिनी मिळते, ती वेगळ्या झाडाची. ही खरी सिलोनी : कागदाइतक्या पातळ सालींचे थर एकात एक गुंडाळून केलेली कांडी, बोटाने चुरडली तर चुरा होईल अशी. तिचा वास गोड आहे, तिखट नाही.

या कांडीसाठीच गॉलवर तोफा डागल्या गेल्या. पोर्तुगीज सोळाव्या शतकाच्या आरंभी या बेटावर आले आणि त्यांनी इथे पहिली तटबंदी घातली. १६४० च्या मार्चमध्ये डचांनी ती जिंकून घेतली. त्याच काळात त्यांची गलबतं गोव्याची नाकेबंदी करत होती आणि आपल्या वेंगुर्ल्याला त्यांची वखार उभी राहिली होती. ती पडकी इमारत वेंगुर्ल्यात आजही आहे, झाडांच्या मुळ्यांनी धरून ठेवलेली. डचांची व्यापारी कंपनी एकच, समुद्र एकच, शत्रूही एकच. पुढे मात्र वाटा वेगळ्या झाल्या. वेंगुर्ल्याची वखार ओस पडली आणि गॉलला डचांनी चौदा बुरुजांचं अख्खं नगर वसवलं.

भाजीबाजाराच्या तोंडाशी बीथोव्हनचं 'फ्यूर एलिझे' वाजू लागतं. कर्कश, विजेरी सुरात. पावाची रिक्षा आली आहे. तिच्या पाठीवर काचेची पेटी बसवलेली, आत गरम पाव, बनपाव, माशाचं सारण भरलेले त्रिकोणी बन. श्रीलंकेच्या गल्लीबोळांत पाववाला असाच येतो आणि या सुरावर बायका उंबऱ्यापर्यंत येतात. रिक्षा बजाजची. इथे रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक रिक्षा पुण्याच्या याच कंपनीच्या आहेत. मी त्रिकोणी बन घेते. आत मिरची भरपूर आहे.

नऊ वाजायला आले आहेत आणि बसस्थानक कलकलून उठलं आहे. लाल सरकारी बस, निळ्या-पांढऱ्या खासगी बस. "मातर मातर मातर", "कोलंब कोलंब". कंडक्टर दारात लोंबकळत ओरडतात आणि गाडी पुरती थांबायच्या आत माणसं चढवतात. पांढऱ्या गणवेशातली, दोन वेण्या घातलेली एक मुलगी धावत येते. कंडक्टर तिचं दप्तर आधी आत ओढतो, मग तिला. फलाटांवरच्या पाट्या तीन लिप्यांत आहेत : सिंहली, तमिळ, इंग्रजी. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे क्रिकेटचं मैदान, त्याच्या पाठीशी तट. मागे रेल्वे स्टेशन. हा सगळा पसारा समुद्रसपाटीपासून जेमतेम वर आहे. हे डोळ्यांना चटकन कळत नाही, कारण इथून समुद्र दिसतच नाही.

२६ डिसेंबर २००४ ची सकाळ. रविवार होता आणि पौर्णिमा होती. पौर्णिमा म्हणजे इथे पोया, सुट्टीचा आणि विहारात जायचा दिवस. नाताळचा दुसरा दिवस म्हणून पाहुणेही होते. साडेनऊच्या सुमाराला त्सुनामी आली आणि समुद्र या मोकळ्या जागेत घुसला. बसस्थानकावरची त्या दिवशीची चित्रफीत जगाने टीव्हीवर पाहिली : तपकिरी पाण्यात गोल गोल फिरणाऱ्या बस, खिडक्यांना धरून राहिलेली माणसं, मग न दिसणारी माणसं. ती चित्रफीत मी अनेकदा पाहिली आहे. पण आज या सिमेंटच्या फलाटावर उभं राहिल्यावर ती आठवणं वेगळं आहे. अंतरं कळतात. जिथे ती मुलगी आत्ता बसमध्ये चढली तिथून तटाच्या चढापर्यंत पळायला काही मिनिटं लागतील. त्या दिवशी तेवढी मिनिटं नव्हती.

स्थानकाच्या कडेला शहाळ्यांच्या ढिगापाशी एक म्हातारे गृहस्थ बसले आहेत. इथली शहाळी नारिंगी रंगाची, त्यांना 'तंबिली' म्हणतात. ते शहाळं सोलून देतात. मी विचारत नाही, पण माझी नजर कुठे जाते ते त्यांच्या लक्षात येतं. ते हात छातीच्या वर धरून पाण्याची उंची दाखवतात. मग तटाकडे बोट करतात आणि तोच हात आडवा फिरवतात : तिकडे काही नाही. खरंच आहे. किल्ल्यात थोडंफार पाणी शिरलं, पण लाटेचा खरा मार दगड-प्रवाळाच्या भिंतींनी सोसला. तोफांचे गोळे झेलण्यासाठी बांधलेल्या तटाने तीन-साडेतीन शतकांनी आतल्या माणसांचे जीव वाचवले. बाहेरच्यांचे वाचले नाहीत, कारण बाहेर तट नव्हता. त्याच सकाळी, गॉलच्या थोडं अलीकडे पेरालियला, कोलंबोहून मातरला निघालेली आगगाडी लाटेत सापडली आणि त्या एका गाडीत हजाराहून अधिक माणसं गेली. श्रीलंकेत त्या दिवशी तीस हजारांहून अधिक बळी गेले. समुद्राकाठचं महामोदरचं प्रसूतिगृह घाईने रिकामं करावं लागलं. जर्मनीचे माजी चान्सलर हेल्मुट कोल तेव्हा याच किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात सुट्टीवर होते आणि त्यातून वाचले. त्यांनी मदतीचा शब्द दिला. जर्मनीच्या साहाय्याने आतल्या बाजूला, करापिटियला, बायकांसाठी नवं रुग्णालय उभं राहिलं. त्याचं काम पुरं होऊन ते उघडायला २०२४ साल उजाडलं.

म्हातारे माझ्याकडून पैसे घेतात, शहाळ्याचे दोन तुकडे करतात आणि मलई खरवडायला सालीचा चमचा करून देतात.

मैदानाला वळसा घालून मी तटाकडे चालते. मुख्य दरवाजा इंग्रजांनी १८७३ मध्ये पाडून घेतलेला. त्याच्या शेजारी चंद्र बुरुजावर १८८३ चा घड्याळाचा मनोरा आहे, डॉक्टर अँथोनिस या गॉलच्या शल्यविशारदाच्या सन्मानार्थ बांधलेला. मी तो सोडून बंदराकडच्या जुन्या दरवाजाने आत जाते. बाहेरच्या अंगाला ब्रिटिश राजचिन्ह कोरलेलं आहे. दरवाजाच्या बोगद्यातून आत गेल्यावर मागे वळून पाहायचं : आतल्या कमानीवर डच कंपनीची मुद्रा, दोन सिंह, वर कोंबडा आणि १६६९ हे साल. नवा मालक आला तेव्हा त्याने बाहेरची पाटी बदलली, आतली तशीच राहू दिली.

दरवाजातून आलं की समोर कोर्टाचं आवार. मोठमोठ्या झाडांच्या सावलीत काळे कोट, पांढऱ्या साड्या, फायलींचे गठ्ठे. आज शुक्रवार, कामाचा दिवस. झाडाच्या पाराशी एक कुटुंब बसलं आहे, नारळाच्या बागेच्या हद्दीवरून भांडण असावं, कारण म्हातारी मोजणीचा नकाशा मांडीवर पसरून त्यावर पुनःपुन्हा बोट ठेवते आहे आणि तरुण वकील उकिडवा बसून ऐकतो आहे. पलीकडे पोलिस व्हॅनपाशी बायका डबे घेऊन उभ्या आहेत. टंकलेखकाचं छोटं टेबल आहे. चहावाला आहे. किल्ल्यातल्या सगळ्या जागांत मला ही जागा सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि एकाही पर्यटन-पुस्तिकेत तिला अर्ध्या ओळीहून जास्त जागा मिळत नाही. कारण उघड आहे, इथे पाहायला काही नाही. पण तटाबाहेरच्या गावांतला माणूस आपल्या कामासाठी, हक्काने, किल्ल्यात पाऊल टाकतो तो इथे.

आणि असं येणं आता कमी होत चाललं आहे. चर्च स्ट्रीट, पेडलर स्ट्रीट, लेन बान स्ट्रीट, लाइटहाउस स्ट्रीट. अरुंद, सरळ, काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या. लाकडी खांबांच्या ओसऱ्या, कौलं, पिवळट चुन्याच्या भिंती. पण ओसरीमागे आता कॉफीहाउस आहे, आइस्क्रीम आहे, लिनेनचे कपडे आहेत, चार खोल्यांचं महागडं हॉटेल आहे. युनेस्कोने १९८८ मध्ये गॉलच्या जुन्या नगराला जागतिक वारसा ठरवलं, आणि त्याचं वेगळेपण असं की इथे माणसं राहत होती. नुसते अवशेष नव्हते. नंतर परदेशातून पैसा आला, पडायला झालेली घरं विकली गेली, दुरुस्त झाली. ती आज सुंदर दिसतात, हे मान्य करायला हवं. कित्येक छपरं या पैशानेच वाचली. पण एखाद्या गल्लीत सकाळी अकरा वाजता एकाही घरातून फोडणीचा वास येत नाही, तेव्हा मला काळजी वाटते. नियमावली कौलाचा रंग सांभाळू शकते. शेजार सांभाळण्याचा नियम कुठल्या वारसा कायद्यात लिहिता येईल?

लेन बान स्ट्रीटजवळ रत्नांच्या एका दुकानात मी शिरते. मालक सत्तरीचे, डोक्यावर पांढरी टोपी. गल्लीतले सगळे त्यांना नाना म्हणतात, म्हणून मीही. ते मला नीलम विकायचा प्रयत्न करतात, मी घेणार नाही हे कळल्यावर चहा मागवतात. मुलगा कोलंबोला असतो. शेजारची दोन घरं विकली गेली. त्यांच्या घरालाही मागणी येते. "येऊ दे," ते म्हणतात, "माझा जन्म मधल्या खोलीतला आहे." ते घरात तमिळ बोलतात, गिऱ्हाइकाशी इंग्रजी, बाजारात सिंहली, आणि कुराण अरबीत वाचतात. गॉलचे मूर मुसलमान म्हणजे या बंदरावर शतकानुशतकं आलेल्या अरब आणि दक्षिण भारतीय व्यापाऱ्यांचे वंशज. प्रवासी इब्न बतूता १३४४ मध्ये या किनाऱ्याने गेला, तेव्हाही त्यांचे लोक इथे होते हे नाना असं सांगतात जणू तो गेल्या आठवड्यात दुकानात येऊन गेला.

मी त्यांना शिलालेखाबद्दल विचारते आणि त्यांचे डोळे चमकतात. १९११ मध्ये गॉलमध्ये एका इंग्रज इंजिनियरला नाल्यावर झाकण म्हणून घातलेला दगड सापडला. दगडावर तीन लिप्यांत कोरलेलं होतं : चिनी, तमिळ, फारसी. चीनचा दर्यासारंग झंग ह याने १४०९ सालच्या मितीचा तो लेख आपल्या ताफ्याबरोबर आणून या किनाऱ्यावर उभा केला होता. चिनी मजकुरात बुद्धाला वाहिलेल्या दानाची यादी आहे, तमिळमध्ये दोंद्र्याच्या विष्णूला, फारसीत अल्लाला. देव तीन, आणि दानाच्या याद्या जवळपास सारख्या : सोनं, चांदी, रेशीम, सुगंधी तेल. आज तो दगड कोलंबोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पाहुण्या सेनापतीला ज्या बंदरात एकाच वेळी तिघांची मर्जी राखावीशी वाटली, ते बंदर कसं असेल याची कल्पना मी नानांच्या काउंटरपाशी बसून करू पाहते. ते म्हणतात, दगड गॉलला परत यायला हवा. मलाही तसंच वाटतं.

बारा वाजून गेलेत. नाना गल्ला बंद करतात, दाराची फळी ओढतात. जुम्म्याची वेळ. गल्लीतली इतर दुकानंही मिटताहेत आणि पांढऱ्या कपड्यांतली माणसं दीपगृहाच्या दिशेने निघाली आहेत. शाळकरी मुलं, म्हातारे, हॉटेलात काम करणारा एक मुलगा ॲप्रन काढून खिशात कोंबत. मिरान मशिदीची शुभ्र इमारत दीपगृहासमोर उभी आहे. तिचे दोन मनोरे आणि दर्शनी भाग इतके चर्चच्या धाटणीचे आहेत की पाहुणे फसतात. खुतबा सुरू होतो, तमिळमध्ये. बाहेर चपलांची रांग पायऱ्यांवरून रस्त्यावर आली आहे. एक विदेशी जोडपं सायकली हातात धरून बाजूला थांबतं. गाड्या थांबतात. या अर्ध्या तासात किल्ला कुणाचा आहे हे विचारावं लागत नाही.

दीपगृह १९३९ चं, पांढरं, भोवती माड. त्याच्या पायथ्याशी छोटी पुळण आहे आणि तिथे गावातली पोरं कपड्यांसकट डुंबताहेत. डच चर्च मी चटकन पाहून घेते. १७५५ ची वास्तू, जमिनीत जुन्या कबरींचे दगड बसवलेले, कवट्या आणि नावं कोरलेले. त्या नावांखालची वयं वाचवत नाहीत, इतकी कोवळी माणसं तापाने इथे गेली. आवडलं ते दुसरंच काहीतरी : रस्त्यांखालून गेलेले डचांचे विटांचे नाले. भरती-ओहोटीचं पाणी त्यांतून आत-बाहेर खेळावं आणि शहराची घाण धुऊन न्यावी अशी ती योजना होती. ज्याने ती आखली त्याने या समुद्राची चाल नीट पाहिली होती.

पुढच्या एका ओसरीवर एक आजी बीरलू लेस विणताहेत. मांडीवर घट्ट भरलेली लोडासारखी उशी, तिच्यावर टाचण्यांनी टोचलेला कागदी नमुना, आणि धाग्यांना बांधलेल्या लाकडी काड्या, पाचपन्नास तरी. दोन्ही हातांनी त्या काड्या एकमेकींवरून टाकत जातात. टक, टक-टक, टक. ही कला पोर्तुगीजांबरोबर आली आणि गॉलच्या बायकांनी ती आपली केली. "दुवे, बस," त्या म्हणतात. दुवे म्हणजे मुली. मी बसते. वीतभर पट्टीला पूर्ण दिवस जातो. चीनहून यंत्राची लेस येते, ती शेजारच्या दुकानात दहाव्या हिश्श्याच्या किमतीला आहे. त्यांची नात हे शिकलेली नाही, ती बँकेत आहे. सांगताना आजींना त्याचं दुःख आहे असं वाटत नाही. उलट, नात बँकेत आहे हे त्या दोनदा सांगतात. मी पट्टी विकत घेते, आणि पैसे मोजताना भाव करत नाही. या कामाचा भाव करणं मला शक्य नाही.

ऊन उतरलं की सगळं गॉल तटावर येतं. मी पूर्वेकडून सुरुवात करते. अकरस्लूट बुरुजावरून बंदर दिसतं. फार मोठ्या बंदराचं हे उरलेलं रूप. वाफेच्या बोटींच्या काळात युरोपातून पूर्वेला जाणारी जहाजं कोळशासाठी इथे थांबत. पण खाडीच्या तोंडाशी खडक आहेत आणि नैर्ऋत्य मोसमात आत शिरणं धोक्याचं. १६५९ मध्ये डचांचं आवोन्डस्टर जहाज इथेच, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर बुडालं. पाणबुड्या संशोधकांनी साडेतीन शतकांनी त्यातल्या वस्तू वर आणल्या, आणि त्यांतल्या कित्येक २००४ च्या लाटेने किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेतून परत नेल्या. १८८० च्या दशकात कोलंबोचा धक्का पुरा झाला आणि जहाजांनी गॉलकडे पाठ फिरवली. पण कोलंबोचे तट इंग्रजांनी शहर वाढवायला पाडून टाकले. गॉल मागे पडलं, म्हणून गॉलचा तट पाडण्याची गरज कुणाला भासली नाही. व्यापार गेला त्याची ही भरपाई म्हणावी का, हे इथल्या हमालांच्या नातवंडांना विचारायला हवं.

पश्चिमेला गर्दी आहे. फ्लॅग रॉकवरून दोन तरुण खालच्या खडकांमधल्या पाण्यात उडी मारायचे पैसे मागताहेत. कैरीच्या फोडींना तिखट-मीठ, कोळंबीचे वडे, पतंग. छत्रीआड बसलेली जोडपी, उन्हं कलल्यावरही छत्री तशीच उघडी. सुधर्मालय विहारातून पिरितचे, बौद्ध पठणाचे, स्वर येताहेत. एका नवरीचे फोटो चालले आहेत. कँडी पद्धतीची साडी, कपाळावर रत्नपट्टी, आणि वाऱ्याने पदर सांभाळता सांभाळता तिच्या तिन्ही बहिणी मेटाकुटीला आल्या आहेत. मला जाणवतं ते हे की इथे तिकीट नाही. एवढा मोठा जागतिक वारसा, आणि त्याच्या माथ्यावर कुणीही, कितीही वेळ, फुकट बसू शकतो. गल्ल्यांमधून जे शहर ओसरलं ते संध्याकाळी तटाच्या गवतावर भरतं. माणसं बाहेरून येतात : करापिटियहून, मागल्लहून, बसने, रिक्षाने, पोरंबाळं घेऊन.

अंधार पडल्यावर मी मुख्य दरवाजाने खाली उतरते आणि बसस्थानकाजवळच्या कोट्टूच्या दुकानात शिरते. तापलेल्या लोखंडी तव्यावर पोळीचे तुकडे, कोबी, गाजर, अंडं, आणि दोन्ही हातांत बोथट पाती घेऊन तो सगळा ढीग ठेचणारा एक तरुण. त्या ठेक्याने रस्ता दणाणतो आहे. मी कुठली हे तो ओरडूनच विचारतो.

"मुंबई," मी ओरडते.

पाती थांबतात. "अक्का, रहाणे!"

ऑगस्ट २०१५ ची कसोटी. समोरच्याच मैदानावर अजिंक्य रहाणेने एका सामन्यात आठ झेल घेतले. क्षेत्ररक्षकाचा तो तेव्हा जागतिक विक्रम होता. तरी भारत हरला. १७६ धावा हव्या होत्या आणि रंगना हेराथने सात बळी घेऊन सगळा संघ ११२ मध्ये गुंडाळला. हा कोट्टूवाला तेव्हा शाळेत होता, आणि शाळा बुडवून तटावर उभा होता. आत जायला पैसे नव्हते, लागलेही नाहीत. २०१० मध्ये मुरलीधरनने कारकिर्दीच्या शेवटच्या चेंडूवर आठशेवा बळी घेतला, तो ओझाचा झेल महेलाने स्लिपमध्ये पकडला, तेव्हा या कोट्टूवाल्याच्या थोरल्या भावाने त्याला खांद्यावर घेतलं होतं. तेही तटावरच. आणि ९ जुलै २०२२? पेट्रोल नव्हतं, गॅस नव्हता, औषधं नव्हती. मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी चालली होती आणि तटावर हजारो माणसं झेंडे घेऊन उभी राहून राष्ट्राध्यक्षांनी जावं म्हणून घोषणा देत होती. टीव्हीवर खेळामागे ती सतत दिसत होती. त्या गर्दीत तोही होता. "दुकान बंदच होतं," तो म्हणतो, "गॅस कुठे होता?"

मग तो पात्यांची टोकं खाली करतो, गुडघे वाकवतो, उजवीकडे झेपावतो आणि हवेतला झेल जमिनीपासून चार बोटांवर उचलून मला दाखवतो. रहाणेचा कितवा होता ते त्याला सांगायचं असतं, पण मागून मालक ओरडतात. बाहेर मातरची बस थांबली आहे, कंडक्टरला दोन पार्सल हवीत, एक अंड्याचं, एक चिकनचं, आणि गाडी सुटायला तीन मिनिटं आहेत. तो नव्या पोळ्या तव्यावर टाकतो.